तीन महिन्यांची शुगर ६.३ आली तरी डॉक्टर नाराज. या वयात वाढू द्यायची का?

हळदीचा दिवाणजी, सांगली

नमस्कार मंडळी. वय ७४. सांगलीच्या हळद पेठेत एका अडत दुकानात ४१ वर्षं दिवाणजी होतो. साखरेचा आजार लागून २६ वर्षं झाली. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं ऐकून घ्या. आमच्यात हिशोब अर्धा सांगायची पद्धत नाही.

आजार सापडला त्याच आठवड्यात मी एक वही घातली. दुकानात असायची तशीच, लाल कापडी बांधणीची. तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, गोळी, चाल, शेरा असे सहा रकाने. आता सातवी वही चालू आहे. एक दिवस कोरा नाही. तीन महिन्यांची शुगर (रिपोर्टात HbA1c लिहितात ती) गेली दहा वर्षं साडेसहाच्या वर गेलेली नाही, या वेळी ६.३. लॅबमधली मुलगी म्हणते, काका, तुमचा रिपोर्ट भिंतीवर लावायला पाहिजे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

तर गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. दोघांनी उपास धरला. बाराला साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस. दोनला बोट टोचून बघितलं तर २४८. असला आकडा वहीत लिहायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. संध्याकाळी रोज बागेत चार फेऱ्या मारतो, त्याऐवजी चालत हरिपूरला संगमेश्वरापर्यंत जाऊन आलो. रात्री अर्धा कप बिनसाखरेचं दूध घेतलं, बस्स. गोळी मात्र नेहमीची घेतली. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी, दोन वेळा. गोळी चुकवायची नाही हा आपला नेम.

पहाटे पावणेचारला हिला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठून बघते तर मी दिवा न लावता टेबलाशी बसून वही लिहितोय. "अहो, काय करताय?" म्हणाली. मी म्हणालो म्हणे, "वजनं व्हायची आहेत, हमालांना थांबव." जीभ जड झालेली, बनियन पिळून काढावा असा ओला. हिला वाटलं अंगावरून वारं गेलं. शेजारचं पोरगं गाडी काढून आलं. वाटेतल्या एका दवाखान्यात तोंड वाकडं झालंय का बघितलं, मेंदूचा फोटो काढायला सांगितलं, फोटोवाला माणूस सहाला येईल म्हणाले. बोट टोचून बघायचं तिथं कुणाला सुचलं नाही. नाव लिहीत नाही. पोरग्याने ऐकलं नाही, गाडी तशीच मिरजेला काढली. तिथल्या सिस्टरने पहिलं काम ते केलं. ३८.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत मी विचारलं, हे कुठलं गाव. त्यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही.

आठवत नाही, पण लिहिलेलं आहे. घरी आल्यावर वही उघडली. तारीख बरोबर. उपाशीपोटीच्या रकान्यात "राजापुरी". जेवणानंतरच्या रकान्यात "पोती ४२". शेऱ्यात "हरिपूर पेव" आणि पुढे अक्षर घसरत घसरत रेघ पानाबाहेर गेलेली. टेबलाच्या सनमायक्यावर बॉलपेनची निळी रेघ अजून आहे. (बाहेरगावच्यांसाठी: राजापुरी ही हळदीची जात. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. हरिपूरला अशी पुष्कळ होती, २००५ च्या महापुरात बरीच गेली.) अक्षर माझंच, वळणदार. ते बघून मला जी धडकी भरली ती ३८ ऐकूनही भरली नव्हती.

आता प्रश्न. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वही बघितली, ६.३ बघितली आणि शाबासकी द्यायच्या ऐवजी रागावले. रात्रीची गोळी बंद केली, सकाळची कमी केली. म्हणाले, तुम्ही साडेसात ते आठच्या मध्ये राहा, त्याखाली यायची धडपड करू नका. पुण्याचा मुलगा म्हणतो डॉक्टर म्हातारे झालेत, दुसरीकडे दाखवू. मला स्वतःला वाटतं, २६ वर्षं पहिल्या वर्गात पास झालेल्या पोराला आता काठावर पास व्हायला सांगतायत. कुणाच्या डॉक्टरांनी असं सांगितलंय का? आणि श्रावण तोंडावर आलाय, सोमवार धरायचे की नाही?

---

निवृत्त सिस्टर, मिरज

दिवाणजी, नमस्कार. ३३ वर्षं वॉर्डात गेली माझी, त्यातली बरीच मेडिसिनला. तुमच्या डॉक्टरांना म्हातारे म्हणणाऱ्या मुलाला सांगा, बाबा, ते बरोबर आहेत. डॉक्टर बदलू नका.

तरण्या माणसाची साखर घट्ट धरायची कारण त्याला पुढे तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. डोळे, मूत्रपिंड, पायाच्या शिरा यांचं नुकसान हळूहळू होतं आणि ते टाळल्याचा फायदाही पुष्कळ वर्षांनी पदरात पडतो. लो, म्हणजे साखर एकदम खाली जाणं, मात्र आज रात्री मारते. पडून खुब्याचं हाड मोडतं, हृदयाचे ठोके बिघडतात, वारंवार झालं तर बुद्धीवर परिणाम होतो. म्हणून वय झालेल्या पण बाकी धडधाकट माणसाला सात-साडेसात, आणि मूत्रपिंड, हृदय वगैरे दुखणी असलेल्याला आठपर्यंत चालवून घेतात. अमेरिका-कॅनडात अॅकॉर्ड नावाचा मोठा अभ्यास झाला होता, १०,२५१ माणसं, सगळी जुनी मधुमेही आणि हृदयाचा धोका असलेली. निम्म्यांची तीन महिन्यांची शुगर ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू जास्त दिसले म्हणून २००८ साली तो भाग मध्येच थांबवावा लागला. आमच्या वॉर्डात राउंडला यावरून बरीच वादावादी झालेली मला आठवते.

तुम्ही हिशोबी माणूस आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगते. तीन महिन्यांची शुगर ही सरासरी आहे. ६.३ म्हणजे सरासरी साधारण १३४. आता दुपारी २४८ आणि पहाटे ३८, यांची सरासरी काढा बघू. १४३ येते. झकास रिपोर्ट! वर्षअखेरची शिल्लक जुळली म्हणून रोजकीर्द बरोबर आहे असं तुम्ही दुकानात मानलं असतं का? तुमची वही पहाटे तीनला कधी उघडलीच नव्हती. आधीही किती वेळा खाली गेली असेल देव जाणे. सकाळी डोकं जड, उशी ओली, भलतीसलती स्वप्नं, असं होत होतं का ते काकूंना विचारा.

दोन गोष्टी मला विचारायच्या आहेत. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, किती आहे? ग्लिमेपिराइड गटातली गोळी पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. मूत्रपिंड मंदावलं की तिचा अंमल लांबतो. म्हणूनच अशा पेशंटला शुगर वर आली तरी लगेच घरी सोडत नाहीत, सलाइन काढलं की परत खाली जाते. दुसरं, बीपीला मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल असलं काही चालू आहे का? त्या गोळ्यांनी हात थरथरणं, छातीत धडधडणं झाकलं जातं. घाम तेवढा राहतो. तुमचा ओला बनियन हा एकच इशारा होता आणि तो काकूंनी बघितला.

७० च्या खाली आली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, लगेच. पंधरा मिनिटांनी परत बोट टोचायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की मग भाकरी, दूध, काहीतरी टिकणारं खायचं. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू पहिल्यांदा द्यायचा नाही, तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. ज्यांना साखरेसाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू आहे त्यांना घरची साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजच ठेवायचं. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा.

उपासाचं म्हणाल तर खिचडी हा उपास नव्हेच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, भगरीचंही फार वेगळं नाही. दुपारी डोंगर, रात्री दरी. तुमच्या घरी तेच झालं. सोमवार धरायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारून त्या दिवशीच्या गोळीचं ठरवा. आपल्या मनाने गोळी सोडू नका, आपल्या मनाने घेऊही नका.

---

कोरेगावकर, सातारा

सिस्टरनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त आमच्या घरातली फजिती सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आई ८१ वर्षांची, इन्सुलिनवर. सकाळी २० युनिट. बाटली ४० ची आहे, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, तिला लाल टोपणाची सुई लागते. मार्चमध्ये सुया संपल्या, नेहमीचं दुकान बंद, मी दुसरीकडून घेऊन आलो. टोपण नारिंगी होतं. मला वाटलं कंपनी वेगळी असेल. आठ दिवस आईची शुगर ३०० च्या खाली येईना. आम्ही सगळे तिच्या मागे लागलो, तू चोरून कंदी पेढे खातेस म्हणून. धाकट्याने तर तिच्या ट्रंकेत शोधलं. बिचारी रडायला लागली, देवाची शपथ घेतली. शेवटी पुतणी फार्मसीला आहे ती सुट्टीला आली, सुई बघून कपाळाला हात लावला. नारिंगी टोपण म्हणजे १०० ची सुई. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत ४० च्या बाटलीतलं भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट.

उलटं झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल टोपण, तर २० च्या रेघेला ५० युनिट गेले असते. ते मनात आलं की अजून पोटात गोळा येतो. आता बाटलीवर आणि सुईच्या डब्यावर दोन्हीकडे स्केच पेनने "४०" लिहून ठेवलंय. आईची माफी मागितली. तिने पेढा मागितला. अर्धा दिला.

---

निसर्गमित्र

दिवाणजी, या गोळ्यांच्या नादी लागू नका. सगळ्या गोळ्या बंद करा, रोज सकाळी कारल्याचा रस, मेथी आणि जांभळाच्या बियांची पूड. मूळ आजारच जाईल. ६ च्या खाली सहज येते.

---

निवृत्त सिस्टर, मिरज

निसर्गमित्र, ज्या माणसाची साखर ३८ ला गेली त्याला तुम्ही ६ च्या खाली यायचं औषध सांगताय. वर लिहिलेलं वाचलंत का? कारल्याची भाजी खुशाल खावी. पण २६ वर्षांच्या आजारात सगळ्या गोळ्या एकदम बंद करून रसावर राहिलेले पेशंट मी ५०० च्या आकड्यासह स्ट्रेचरवर बघितलेत.

---

तासगावची सून

काका, तुमचं सगळं वाचलं. एक विचारू? तुमच्या घरी काकूंना मशिन वापरता येतं का? तुम्ही लिहिलंय की दवाखान्यात बोट टोचायचं कुणाला सुचलं नाही. पण मशिन तर तुमच्या टेबलावरच होतं ना, वहीच्या शेजारी?

रागावू नका. आमच्याकडेही हेच होतं. सासरे बेदाण्याचं शेड सांभाळायचे, शुगरचं सगळं खातं त्यांच्याकडे, पट्ट्यांची डबी कपाटात कुलपात. का तर पट्ट्या महाग, पोरं वाया घालवतील. एकदा दुपारी शेडवर ते कामगारांना उगाच शिव्या द्यायला लागले. एरवी कुणाला अरे-तुरे न करणारा माणूस. सगळे म्हणाले ऊन लागलं. सासूबाईंनी नुसतं कपाळ चाचपून बघितलं, गार आणि ओलं. चहात साखर ओतून पाजला. त्यांना आकडा कळला नाही पण माणूस कळला.

त्या दिवसापासून मशिन फ्रीजवर, उघड्यावर. सासूबाई चौथी शिकलेल्या. मी मोठ्या अक्षरात कागद लिहून फ्रीजला चिकटवलाय. आता त्याच सगळ्या गल्लीचं बोट टोचतात.

---

हळदीचा दिवाणजी, सांगली (साडेतीन महिन्यांनी)

उत्तर द्यायला उशीर झाला, माफी असावी. तीन महिन्यांची शुगर हातात येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सिस्टर, क्रिएटिनिन १.५. मेटोप्रोलॉल चालू आहे, आठ वर्षं झाली. तुमचं लिहिणं छापून घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते हसले, म्हणाले मी हेच सांगत होतो, पण तुम्हाला रोजकीर्द म्हटल्यावर पटलं. उशीचं हिला विचारलं. म्हणाली, गेली दोन वर्षं आठवड्यातून एकदा तरी तुमचा अभ्रा ओला असतो, मी म्हटलं पंखा कमी पडतोय. दोन वर्षं! माझ्या वहीत त्याची एक ओळ नाही.

तासगावच्या ताई, तुम्ही बरोबर वर्मावर बोट ठेवलंत. चार दिवस मी इथे फिरकलो नाही ते त्यामुळेच. मशिनला मी कुणाला हात लावू देत नव्हतो. तुमच्या सासऱ्यांसारखी पट्ट्यांची काटकसर नव्हती ती, माझं खातं दुसऱ्याने लिहायचं नाही एवढाच माज. आता ही शिकली आहे. पहिल्या दिवशी सुई माझ्या बोटात घालताना तिचाच हात कापत होता. बोटाच्या मधोमध टोचायची, मी ओरडलो, कडेला टोच, तिथे दुखत नाही. आता झोपेत टोचलं तरी मला कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पहिले पंधरा दिवस पहाटे तीनला बघितलं. सर्वात कमी ९४. झोपताना ११० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन झोपायचं, हे त्यांनी माझ्यापुरतं ठरवून दिलंय.

श्रावणी सोमवार मी सोडले. ही धरते, माझ्या वाटचे पण. सकाळी पूजा करून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या तेव्हा पहिल्या सोमवारी चोरी केल्यासारखं वाटलं.

काल रिपोर्ट आला. ७.६. लॅबमधली मुलगी म्हणाली, काका, या वेळी वाढली की. मी म्हटलं, वाढवलीय. तिला काही कळलं नाही. मुलालाही पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला, म्हणजे काय समजायचं ते तोच जाणे.

वहीत आठवा रकाना पाडलाय, "पहाटे". तो हीच भरते, तिच्या अक्षरात. शेऱ्यात कधीकधी भलतंच लिहिते. परवा लिहिलं होतं, "दूधवाल्याचे ६० द्यायचे".

आणि ती ४२ पोती कुठली, ते आठवलं. १९८४ चा पावसाळा. हरिपूरच्या पेवात राजापुरी ४२ पोती घातल्याची नोंद माझी, पेव फोडलं तेव्हा ४१ निघाली. मालक म्हणाले, दिवाणजी, जाऊ द्या, मोजायला चुकलं असेल. मी काही जाऊ दिलं नव्हतं, आठ दिवस कागद चाळत बसलो होतो.

ताई, तुमच्या सासूबाईंच्या फ्रीजवरच्या कागदाचा फोटो इथे टाकता का? हिला तसाच हवाय, मोठ्या अक्षरात.